दिवाणाखालचं मांजर

रस्त्यावरचं मांजर घरात आणलं की ते आधी दिवाणाखाली गडप होतं. दोन दिवस, कधी दोन आठवडे. माणसं हिरमुसतात, मग झाडूने ढोसून बाहेर काढायला जातात. हे अजिबात करू नका. गाडीखाली, जिन्याखाली शिरूनच ते आजवर कुत्र्यांपासून वाचलेलं असतं. लपायची जागा हिसकावली की त्याची भीती दुप्पट होते.

सुरुवातीला एकच खोली द्या. फ्रिजच्या आणि कपाटांच्या मागच्या फटी आधीच बुजवा. आडवा खोका, त्यात जुनी चादर. खाणं-पाणी खोक्याजवळ, शी-शूचा ट्रे समोरच्या कोपऱ्यात. मातीत उकरायची सवय असल्याने नुसत्या विकतच्या लिटरकडे, म्हणजे ट्रेत घालायच्या वाळूकडे, काही मांजरं ढुंकूनही बघत नाहीत. त्यात निम्मी कुंडीतली कोरडी माती मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत ती हळूहळू कमी करा.

रोज दोनदा पंधरा मिनिटं जमिनीवर बसा, पण त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. डोळ्यांत रोखून पाहणं मांजराला धमकीसारखं वाटतं. नजर मिळालीच तर सावकाश डोळे मिटून उघडा. खाण्याचा वाडगा रोज वीतभर तुमच्या दिशेने सरकवा. एखाद्या दिवशी त्याने तोंड लावलं नाही तर वाडगा कालच्या जागी परत ठेवा.

पुढचं जेवण मिळेल याची खात्री नसल्याने ते हपापून खातं आणि लगेच ओकतं. म्हणून दिवसाचं तेवढंच अन्न चार वेळा विभागून, पसरट ताटलीत द्या. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन चालतं, पण त्यात मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नको. आणि पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर लाजतंय म्हणून सोडून देऊ नका, व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, विचारा.

‘लाड करून घेत होतं आणि अचानक चावलं’ ही नेहमीची तक्रार. अचानक काहीच नसतं. आधी शेपटीचं टोक फटफट हलतं, मग कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते, घुरघुर थांबते. यातलं पहिलं लक्षण दिसलं की हात काढायचा. गाल आणि हनुवटीपासून सुरुवात करा, तीनदा कुरवाळून थांबा. त्याने स्वतःहून डोकं घासलं तरच पुढे. पोट दाखवलं याचा अर्थ पोटाला हात लावायची परवानगी असा नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत चालढकल नको.

पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाला सरावतं. त्या वयात माणसाचा हात न लागलेलं मोठं मांजर कदाचित कधीच मांडीवर बसणार नाही. शेजारच्या खुर्चीवर निवांत झोपलं तरी त्याच्या हिशेबी ती मोठी जवळीक आहे.

बोका शेपूट ताठ उभारून, थरथरवत पडद्यावर फवारा मारत असेल तर तो हद्द आखतोय. नसबंदीनंतर हे बहुधा थांबतं किंवा खूप कमी होतं. पण तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय आणि थेंबही पडत नाही, तर लघवी तुंबलेली असू शकते. सकाळची वाट न पाहता तेव्हाच दवाखाना गाठा.