नराराला जायचंय? आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

जामनगरजवळचं नरारा बघून आलो. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ साली जाहीर झालेलं, देशातलं पहिलं. इथे बोट लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि घोटाभर पाण्यातून चालत जिवंत प्रवाळ बघता येतं. तिकिटं, मुक्काम सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते वेळेपाशी.

ज्यांच्याकडे गाडी ठरवली होती, त्यांच्या वेळापत्रकात 'सकाळी ११, नरारा' असं आधीच छापलेलं. मी विचारलं, त्या दिवशी ओहोटी किती वाजता? "साहेब, सगळे याच वेळेला जातात." परत फोन केला, परत तेच. हा राग अजून गेलेला नाही, कारण लोक इतक्या लांबून येतात आणि नुसतं पाणी बघून परत जातात.

हिशेब अवघड नाही. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. आखातात आत भरती थोडी उशिरा पोचते, तरी थंडीत तेव्हा तिथे पुरतं उजाडलेलंही नसतं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ती अकरावर येते तोवर पंचमी-षष्ठी उजाडते, आणि तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, जवळ आलेली असते. पाणी फारसं हटतच नाही. म्हणून द्वितीया-तृतीया धरा. उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी साडेआठ-नऊच्या सुमारास, लख्ख उजेडात. नेमकी वेळ सिक्का बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि दीड-दोन तास आधी पोचा.

मी शेवटी तारीखच बदलून घेतली. गाडीवाले कुरकुरले, पण तृतीयेला तासन्‌तास चालता आलं. वाटाड्याने एका खळग्याकडे बोट दाखवलं. दगडच वाटला, मग त्या दगडाने रंग बदलला आणि आठ पाय गोळा करून तो फटीत शिरला. ऑक्टोपस!

हो, बूट जुने पण पकड असलेले घाला. चप्पल चिखलात राहते. ओळखपत्र जवळ ठेवा. प्रवाळावर पाय देऊ नका, ते सजीव आहेत. आणि वाटाड्या "चला" म्हणाला की निघा. किनारा सपाट आहे, पाणी फिरलं की भराभर चढतं.