गाणारा गळा आणि थायरॉईडचं ऑपरेशन : माझा अनुभव

पुतणीच्या लग्नात ठुशी घातली, तर गोंडा शेवटपर्यंत सरकवूनही ती गळ्याला काचायला लागली. लेक मागे उभी राहून ती सैल करत होती. आरशात बघताना मी आवंढा गिळला आणि तिचा हात थांबला. "आई, परत गिळ बघू." मी परत गिळलं. कंठाच्या खाली, उजव्या बाजूला, लहान लिंबाएवढा उंचवटा वर गेला आणि खाली आला.

दुखत अजिबात नव्हतं. हे मुद्दाम आधी सांगते, कारण जे दुखत नाही त्याच्याकडे आपण बायका वळूनही बघत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. दिवसभर बोलणं आणि पहाटे भजनी मंडळात गाणं, दोन्ही याच गळ्यावर चालतं. म्हणून सुट्टी संपायच्या आत दवाखाना गाठला. तिथे रक्त तपासलं, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, २.१ आला. "थायरॉईड नॉर्मल आहे, काही नाही," असं सांगून मला घरी पाठवलं. मानेला हात कुणी लावला नाही. त्या एका वाक्यावर विसंबून मी चार महिने घालवले. ग्रंथीचं काम कसं चाललंय हे रक्त सांगतं, तिच्यात गाठ आहे की नाही हे सांगत नाही. एवढं कुणी तेव्हाच बोललं असतं तर किती बरं झालं असतं! शेजारणीने तर मीठ बदलायचा सल्ला दिला. आयोडिनच्या मिठाने गलगंड टळतो हे खरं, पण झालेली गाठ त्याने विरघळत नाही.

गणपतीनंतर सोनोग्राफी झाली. उजव्या बाजूला ४.२ सेंटिमीटरची गाठ, डावीकडे लहान तीन. मग सुईची तपासणी. सुई बारीक असते, भूल देत नाहीत, फक्त ती आत असताना गिळायचं नाही. मला त्या अर्ध्या मिनिटात जितकं गिळावंसं वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रिपोर्टवर 'बेथेस्डा चार' लिहून आलं. म्हणजे कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. सर्जन म्हणाले, "पोत्यात हात घालून मूठभर धान्य काढलं तर धान्य कसलं आहे ते कळतं. पोतं कुठे फाटलंय ते कळत नाही. या गाठीच्या बाबतीत आपल्याला पोतंच बघायचंय. पेशी वेष्टण फोडून बाहेर पडल्यात का, हे गाठ पूर्ण काढून तपासल्यावरच समजेल." डावीकडेही गाठी असल्यामुळे पूर्ण ग्रंथी काढावी असं त्यांचं मत पडलं.

आणि मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही गाता का?"

मी हो म्हटलं आणि रडूच आलं. त्यांनी सोनोग्राफीचा लिफाफा उलटा केला, पेन घेतलं आणि माझा गळा काढायला लागले. मी हे सगळं धीराने पार पाडू शकले ते त्या चित्रामुळे.

आधी श्वासनलिका, तिच्या कड्या. दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या आसपास आडवी पट्टी आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाळ्या, फुलपाखरासारख्या. एरवी जेमतेम वीसेक ग्रॅमची ग्रंथी. ती श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला धरून बांधलेली असते, म्हणूनच गिळताना त्यांच्याबरोबर वरखाली होते. लेकीला आरशात दिसलं ते हेच. वर स्नायूंच्या चपट्या पट्ट्या, त्या न कापता मधल्या रेषेत पडद्यासारख्या बाजूला सारता येतात. मागे अन्ननलिका. दोन्ही कडांना मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, जिचे ठोके आपल्याला बोटाला लागतात, आणि तिच्या शेजारी मोठी शीर.

मग त्यांनी पेन बदललं आणि लाल रेघ ओढली. मेंदूकडून येणारी एक मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, मानेतून सरळ खाली उतरते. स्वररज्जू हलवणारी फांदी तिच्यापासून गळ्यात फुटायला हवी, पण ती फुटते खूप खाली. डावी फांदी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि परत गळ्यात चढते. उजवीही खांद्याकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून वर येते. पोटातल्या बाळाचं हृदय सुरुवातीला मानेजवळ असतं. ते खाली सरकताना नसेलाही ओढून नेतं. थायरॉईडचा प्रवासही वरून खालीच, ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि उतरत गळ्यात येते. मी ऐकतच राहिले. इतकी वर्षं मुलांना पाचवीच्या पुस्तकातून शरीर शिकवते, पण माझ्याच गळ्यात एवढा प्रवास झालेला आहे हे मला माहीत नव्हतं.

ही नस गोधडी शिवायच्या दोऱ्याएवढी, पाळीला अगदी मागून चिकटून जाणारी. दुखावली तर आवाज घोगरा होतो. "आणि गाणाऱ्यांसाठी आणखी एक," म्हणत त्यांनी पाळीच्या वरच्या टोकाशी एक बारीक रेघ काढली. वरून येणाऱ्या रक्तवाहिनीला लागून ही नस जाते आणि स्वररज्जू ताणणाऱ्या स्नायूत शिरते. हिला धक्का लागला तर बोलणं ठीक राहतं, पण वरचे सूर जातात. ती बारीक रेघ माझ्या मनातून आजही जात नाही.

शेवटी पाळ्यांच्या मागे त्यांनी चार ठिपके दिले. पॅराथायरॉईड, मसुराएवढ्या, पिवळसर तपकिरी ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम या सांभाळतात. इंग्लंडचे शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांना त्या पहिल्यांदा दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या गळ्यात. माणसात त्यांचं नीट वर्णन केलं १८८० साली स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी. हे मी नंतर वाचलं. थायरॉईडची शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांना १९०९ साली नोबेल मिळालं हेही तेव्हाच कळलं. माझ्या मानेवरच्या आडव्या छेदाला त्यांचंच नाव आहे.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. आदल्या दिवशी नाकातून दुर्बीण घालून स्वररज्जू तपासल्या. "ई म्हणा," म्हणाले. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ आल्या, लांब झाल्या. हा माझा आवाज, असा समोर हलताना बघून मी मनातल्या मनात हात जोडले.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. भूल चढली आणि जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. पहिला शब्द लेकीचं नाव होता. आवाज बसका, पण निघाला. श्वासाच्या नळीवर नसेचे सिग्नल टिपणारे तारांचे पट्टे लावले होते आणि दोन्ही बाजूंची नस शेवटपर्यंत व्यवस्थित उत्तर देत होती, असं सर्जननी येऊन सांगितलं. सिस्टर रात्रभर दर तासाला मान बघत होत्या. उशाशी टाके काढायचं साहित्य ठेवलेलं होतं. आत रक्त साचलं तर श्वासनलिका दबते, तेव्हा टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात, हे नातेवाइकांनाही आधी समजावून ठेवलेलं बरं. माझ्या मिस्टरांनी त्या साहित्याकडे बघत ती रात्र काढली.

खरा कठीण प्रसंग दुसऱ्या रात्री आला. आधी ओठांच्या कडेला मुंग्या. वाटलं, कूस न बदलल्याने असेल. मग बोटांची टोकं बधिर झाली आणि अंगठा आपोआप तळव्याकडे वळायला लागला. सिस्टरनी कानापुढे गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली, तशी ओठाची कड उडाली. कॅल्शियम ७.४ आलं, साडेआठच्या खाली जायला नको होतं. छातीला ईसीजीच्या तारा लावून शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं. मी डोळे मिटून तो लिफाफा आठवत होते. चार ठिपके. त्या ग्रंथी जागेवरच होत्या, पण त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक फांद्या थायरॉईडच्याच धमनीतून येतात. तिथे हात लागल्यामुळे त्या काही दिवस रुसल्या होत्या. कारण माहीत असल्यामुळे त्या रात्री माझा धीर सुटला नाही. पहाटेपर्यंत बोटं मोकळी झाली.

घरी आल्यावर कॅल्शियमच्या गोळ्या, त्याबरोबर व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप, सहा आठवड्यांत हळूहळू बंद. काढलेल्या ग्रंथीचं काम करणारी थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र कायमची, पहाटे अनशापोटी, चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये चार तास हवेत. माझ्याकडून पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम घेतल्या जात होत्या आणि टीएसएच वर गेला तेव्हा चूक लक्षात आली. बायोप्सी आठ दिवसांनी आली. साधी गाठ, वेष्टण शाबूत. तो कागद मी देवाजवळ ठेवला.

छेदाच्या वरची कातडी काही महिने बधिर होती आणि गिळताना व्रण आत ओढल्यासारखा वाटायचा. खोबरेल तेलाने रोज दोन मिनिटं हलका मसाज सांगितला होता, तो मी शाळेच्या डब्यासारखा नेमाने केला. बोलणं तीन आठवड्यांत पूर्ववत झालं. वर्गात पाढे म्हणताना त्रास नव्हता. भजनात मात्र वरच्या सुराशी गेलं की आवाज पातळ होऊन सुटून जायचा. पूर्वी मी पेटीच्या काळी पाच या पट्टीत गात असे. सर्जन म्हणाले, नस ताणली गेली असेल, वेळ द्या. रोज सकाळी पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढत सूर धरायचा व्यायाम दिला. मी तो एकही दिवस चुकवला नाही.

त्या वर्षीचा काकडा चुकला. यंदा कोजागिरीनंतर पहिल्या पहाटे देवळात पोचले तेव्हा पेटीवाल्या काकांनी भाता हलवत विचारलं, "बाई, काळी पाच?"

"काका, तीन धरा."

त्यांनी तीन धरली. मंडळातल्या सगळ्या बायका माझ्यासाठी खाली उतरून गायल्या. कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मीच म्हटलं, "आज चार धरून बघू." अंतऱ्याला वरचा षड्ज लागला, जरा थरथरला आणि टिकला. मानेवर ठुशी होती, गोंडा अर्ध्यावर.