एवढी मरणं बघून विश्वास टिकतो कसा?

आयसीयूत काम करणारी ख्रिस्ती नर्स म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. नवीन रुजू झालेल्या मुली विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, चर्चच्या मंडळीतले लोकही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

प्रार्थना केली की पेशंट वाचतोच, असं मी कधीच मानलं नाही. ज्यांच्यासाठी कळकळून प्रार्थना केली त्यांतले कितीतरी गेले. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही ‘हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी देवाला विनवणी केली होती, आणि तो प्याला त्याला प्यावाच लागला. ज्या श्रद्धेच्या मुळाशी ही रात्र आहे, ती मला आयसीयूच्या दाराबाहेर ठेवून आत जावं लागत नाही.

माझी ड्युटीवरची प्रार्थना अगदी छोटी असते. पेशंटला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचे, हा नियम. हँडरब नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोकं. तेवढ्या वेळात मी त्या पेशंटचं नाव घेते आणि मनात म्हणते, ‘प्रभू, यांच्यावर दया कर, माझे हात सांभाळ.’ हात वाळले की प्रार्थना संपली, लक्ष मॉनिटरवर. रक्तदाब टिकवून ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज बदलताना दुसऱ्या नर्सला बोलावून डोस तपासून घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. विश्वासाच्या नावाखाली तिथे ढिलाई केलेली मला खपत नाही. समोर निपचित पडलेला माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे असं मी मानते ना? मग त्याला कुशीवर वळवताना पाठीखाली राहिलेली चादरीची एक चुणीही मला सोडता येत नाही. बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशाच दुर्लक्षातून होते.

आणि नातेवाईकांना ‘देवाची मर्जी’ असं मी म्हणत नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. ते कारणं समजावून सांगायला लागले आणि त्याच्या दुःखात भर पडली. एका बाईंचे यजमान गेले, तेव्हा त्यांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. मी खुर्ची ओढून घेतली आणि त्या सोडेपर्यंत बसले. त्यांचा धर्म माझा नव्हता. अशा वेळी मी माझी प्रार्थना मोठ्याने म्हणत नाही, कुणी आपणहून मागितली तरच म्हणते. जो माणूस पाण्याच्या घोटासाठीही माझ्यावर अवलंबून आहे, त्याला मला ‘नको’ म्हणणं सोपं नसतं. त्याचा फायदा घेणं मला पाप वाटतं.

आता थकव्याबद्दल, कारण खरा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. हृदय बंद पडलेल्या पेशंटला सीपीआर देताना मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबायची असते, आणि साधारण दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा असतो. माणूस कितीही दणकट असो, दाब कमी पडायला लागतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. म्हणून ‘बदला’ म्हटलं की मुकाट्याने बाजूला व्हायचं. माझ्या विश्वासाने मला हे बाजूला होणं शिकवलं. तारणारा मी नाही. माझ्या वाट्याचं काम जीव ओतून करायचं, पुढच्या पाळीच्या नर्सला हँडओव्हर द्यायचा, म्हणजे पेशंट सोपवायचे, आणि घरी जायचं. ड्युटी संपली की मी एकेका बेडचं नाव घेऊन तोच हँडओव्हर प्रभूलाही देते. काही नावं तरीही घरापर्यंत येतात.

‘विश्वास कमी पडतो म्हणून थकता’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी बायबलमधली एलीयाची गोष्ट पुन्हा वाचावी. तो संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवाने त्याला दटावलं नाही. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो झोपला, उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं. म्हणून माणसं कमी असतील तर लेखी तक्रार करा, झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा. त्याने प्रार्थनेचा अपमान होत नाही.

ज्यांचा देवावर विश्वास नाही अशाही उत्तम नर्सेससोबत मी काम केलंय, त्यामुळे विश्वासाशिवाय हे काम जमत नाही असं मी म्हणणार नाही. मला मात्र वाईट रात्रीनंतर बायबलमधलं ८८वं स्तोत्र लागतं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी ते पहिल्या ओळीपासून देवालाच उद्देशून आहे. काही सकाळी मला दुसरं काही वाचवत नाही. तेवढं वाचते आणि झोपते, रात्री पुन्हा ड्युटी असते.