रेषेचा कल: स्पारची फळी बाद, तिरप्या काड्यांची सोय

मागील नोंदीत ज्या युरोपीय स्प्रूसच्या फळीबद्दल मी उत्साहाने लिहिले होते, ती स्पारसाठी, म्हणजे विमानाच्या पंखातील मुख्य लांब तुळईसाठी, बाद ठरली आहे. घनता, वर्षवलयांची दाटी आणि आर्द्रता या तिन्ही कसोट्यांना ती उतरली होती. रुंद बाजूवर वलयरेषांचा कल १:२० होता (२० मिलिमीटर लांबीत रेषा १ मिलिमीटर सरकते), म्हणजे स्पारसाठीच्या १:१५ च्या मर्यादेच्या आत. गाठ एकही नव्हती, पीटनपोल या छोट्या लाकडी विमानाच्या पंखाला लागणारी लांबी एकसंध मिळत होती, आणि असा माल आपल्या किनाऱ्यावरच्या वखारींत क्वचितच येतो. म्हणूनच ती का बाद झाली, हे सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिली शंका वाकवून मोडण्याच्या चाचणीत आली. लाकूड-चाचणीच्या भारतीय मानकातील (आयएस १७०८) मापाप्रमाणे फळीच्या टोकातून २ × २ × ३० सेंटिमीटरचे नमुने काढले, ते २८ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवले आणि मध्यभागी वजने टांगत गेलो. प्रयोगशाळेतील यंत्राची बरोबरी या मांडणीने होत नाही, पण दोन फळ्यांची तुलना करायला ती पुरते. ४० किलोला डायल गेजवर सुमारे १.३ मिलिमीटर वाक आला, म्हणजे ताठरपणा १० गिगापास्कलच्या थोडा वर आणि समाधानकारक. चांगल्या स्प्रूसचा एवढा नमुना १३० किलोच्या आसपास भार घेतो. हे नमुने मात्र १०५ किलोच्या पुढेमागे मोडले. मोडण्याची तऱ्हा त्याहून बोलकी होती. तळाच्या, ताणाच्या बाजूला लांब चोया निघण्याऐवजी एक तिरकी भेग कडेतून थेट बाहेर पडली होती. आडवी, आखूड मोड दिसली असती, तर मी दाबाने आधीच चिरडलेल्या तंतूंचा संशय घेतला असता. तिरकी भेग वेगळेच सांगत होती.

देवगडच्या खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या एका काकांना मी टोकाचा तुकडा दाखवला. त्यांनी वलयांकडे पाहिलेही नाही. तुकडा उभा धरून डोक्यावर पटाशी टेकवली, मोगरीचा ठोका दिला आणि म्हणाले, “लाकूड पिळलेला आसा.” फाटलेली बाजू खरोखरच पिळलेली होती; १५ सेंटिमीटर लांबीत ती सुमारे ८ मिलिमीटर सरकली होती.

या फळीत वलये रुंद बाजूला जवळजवळ काटकोनात येतात आणि स्पारसाठी आपण असाच काप मागतो. पण खोडातील तंतू मळसूत्राप्रमाणे चढत गेले असतील, तर ती पीळ रुंद बाजूवर दिसतच नाही. ती दिसते अरुंद कडेवर, आणि तिथे पाहायला जेमतेम ३२ मिलिमीटर रुंदी मिळते. कडेवर रंधा मारून फाउंटन पेनच्या शाईचे थेंब सोडले, तेव्हा शाई तंतूंच्या दिशेने पसरली आणि कल १:१८ निघाला. स्प्रूसमध्ये राळेच्या नलिकांच्या बारीक रेघाही दिसतात, त्यांनीही तेच सांगितले. सिल्व्हर फरमध्ये या नलिका सहसा नसतात, त्यामुळे तिथे शाईवाचून गत्यंतर नाही.

१:२० आणि १:१८ हे दोन्ही कल सुटे पाहिले तर मर्यादेत बसतात. मात्र तंतूचा खरा कल दोन्हींचा मिळून ठरतो. १/२० आणि १/१८ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.०७४७ येते, म्हणजे कल सुमारे १:१३.४. इथे फळी नापास झाली. कल १:१५ असताना वाकण्याची ताकद सरळ रेषेच्या लाकडाच्या सुमारे ८९ टक्के राहते आणि १:१० ला ८१ टक्के. परंतु आघात सोसण्याची ताकद १:१० ला ६२ टक्क्यांवर येते. स्पारच्या बाबतीत मला ही घसरण मान्य नाही.

वखारवाल्यांनी फळी परत घेण्यास नकार दिला. तरीही ती वाया जाणार नाही. ३२ मिलिमीटर जाडीतून ६ मिलिमीटरची काडी तंतूला समांतर, म्हणजे तिरकी कापली, तर (३२ − ६) × १८ या हिशेबाने सुमारे ४६८ मिलिमीटर लांबीपर्यंत ती सरळ रेषेची मिळते. रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या चौकटीच्या) वरच्या-खालच्या लांब पट्ट्यांना हे पुरत नाही, पण आतल्या उभ्या आणि तिरप्या काड्या सगळ्या यात बसतात. पहिल्या काड्या कापून, फोडून पाहिल्या, तर फाट टोकापासून टोकापर्यंत सरळ गेली. ते पाहून फार आनंद झाला.

स्पारसाठी दुसरी जाड फळी शोधण्याचा विचार इथे लिहिणार होतो. पण वरचा हिशेब मांडताना वाटू लागले की थर जोडलेला स्पार अधिक शहाणपणाचा. त्याच दर्जाचे लाकूड वापरले तर एकसंध आयताकृती स्पारऐवजी थरांचा स्पार चालतो, हे एसी ४३.१३ या अमेरिकी विमान-दुरुस्ती मार्गदर्शिकेत मान्य आहे. पातळ फळ्या मिळतातही सहज, आणि प्रत्येकीच्या टोकाचा तुकडा आधी फोडून पाहता येतो. अडचण सरसाची आहे. १९४४ मध्ये भारतात सरसाने जोडलेल्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख निकामी होऊन अपघात झाले, तेव्हा दोष दमट हवेचा की कारखान्यातील जोडकामाचा, यावर बराच वाद झाला होता. आपल्याकडे हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली की लाकूड १५-१६ टक्क्यांवर स्थिरावते, आणि मला चिकटवताना ते ८ ते १२ टक्क्यांत हवे आहे. टाचण्यांच्या आर्द्रतामापकावर मी विसंबत नाही, कारण खाऱ्या हवेतले मीठ लाकडात उतरले की तो आकडा फुगवून दाखवतो. १०३ अंशांच्या भट्टीत सुकवून वजन करणे हीच खरी मोजणी.

म्हणून थरांच्या फळ्या दिवाळीनंतर, कोरडी हवा सुरू झाल्यावर आणीन. त्याआधी एपॉक्सी आणि रिसॉर्सिनॉल या दोन्हींचे जोड-नमुने करून, उकळत्या पाण्यात ठेवून ते फोडून पाहीन. जोडाऐवजी लाकूडच फाटले, तर त्या सरसाने स्पारचे काम सुरू होईल.