भोपळ्याचा मळा, नोंद ६: फुग्यात मराठी मावेना

काल रात्री बसून इंग्रजी कॉमिकच्या एकेचाळीस पानांवर चिकटवलेल्या मराठी पट्ट्या सोलून काढल्या. तीन आठवड्यांचं काम होतं. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक भाचीच्या हातात पडेल असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ते आता कोजागरीपर्यंत निम्मं झालं तर जमेल. तरीही आज मन हलकं आहे. का, ते खाली येईलच.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: पुस्तक ‘पम्पकिनहेड्स’ (२०१९), गोष्ट रेनबो रोवेलची, चित्रं फेथ एरिन हिक्सची, रंग सारा स्टर्नचे. विकत घेतलेल्या इंग्रजी प्रतीवर, संवादांच्या फुग्याफुग्यावर, नंतर काढता येतील अशा मराठी पट्ट्या लावतेय. प्रत एकच, घरातल्यासाठी. भाची दहावीत, मराठी माध्यमात आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, भोपळ्याच्या मळ्यात हॅलोविनच्या रात्री शेवटची पाळी करणारी डेजा आणि जोसाया तिला अडखळत नाही, धावत वाचायला मिळावीत.

अडलं ते असं. इंग्रजी कॉमिकची अक्षरं सगळी कॅपिटल. वर काही डोकावत नाही, खाली काही लोंबत नाही, त्यामुळे ओळीवर ओळ विटांसारखी रचता येते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, ‘द्ध’ आणि ‘ट्र’ची शेपटं. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत गुंततो. इंग्रजीच्या पाच ओळी जिथे ऐसपैस बसल्यात तिथे माझ्या तीन, त्याही अंग चोरून. त्यात फुगा मधे रुंद, वर-खाली निमुळता. वरच्या टोकाला छोटा शब्द हवा असतो आणि आपला शब्द प्रत्यय लावत लावत लांबतो. ‘भोपळ्यांच्यामागून’ हा एक शब्द अख्खा फुगा खातो, आणि तोडला तर वाचणारा ठेचकाळतो.

आधी अक्षर लहान करून पाहिलं. मावलं, पण पुस्तक नाकाशी धरून वाचावं लागलं तर त्या संध्याकाळची ऊब उरत नाही. मग पट्ट्या मोठ्या केल्या. एका चौकटीत डेजाची बोटं झाकली गेली, दुसरीत जोसायाची भुवई. या पुस्तकातलं अर्धं प्रेम हातांत आणि भुवयांत आहे. जोसाया तीन वर्षं फजच्या (एक गोड वडी) दुकानातल्या मुलीकडे लांबून बघत राहिलाय, डेजा त्याला ओढत मळाभर फिरवतेय, आणि खरं काय चाललंय ते दोघांच्या चेहऱ्यांवर त्यांच्या बोलण्याआधी उमटतं. चेहरा झाकणारा अनुवाद मी भाचीला देणार नाही.

फॉन्टही सगळे फिरवून झाले. ‘कलम’ हाताच्या वळणाचा आहे, आणि तीन जाडींत मिळतो. ‘बलू’ गोड पण गुबगुबीत, जागा फार घेतो. पाकळीचा ल आणि देठाचा श नसला की ओळ माझ्या डोळ्याला परकी वाटते, म्हणून दोन चांगले फॉन्ट बाजूला ठेवावे लागले. इंकस्केप या चित्रं-अक्षरं मांडायच्या प्रोग्रॅमबद्दल मात्र चांगलंच बोलेन: फुकट आहे आणि जोडाक्षरं बिनचूक बांधतं. आधीच्या महागड्या प्रोग्रॅममध्ये आडबाजूचं एक सेटिंग सापडेपर्यंत पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. ऑनलाइन मागवलेल्या चिकट कागदाचे कोपरे आठ दिवसांत वळले, तेव्हा तुम्ही मागवाल तर आधी चार पट्ट्यांवर तपासा. शिवाय तो पांढराफेक होता. मळ्यावर अंधार पडून दिवे लागतात त्या पानांवर पट्टी ट्यूबलाइटसारखी चमकायची. आता साधा क्रीम कागद आणि अगदी थोडा डिंक.

तर काल पट्ट्या सोलताना एका पट्टीच्या मागे सहज डेजाचं एक वाक्य खरडलं. किराण्याची यादी लिहितो तसं, घाईत, शिरोरेषा न देता. आणि ते त्याच फुग्यात बसलं! अक्षराचा आकार तोच, तरी चार ओळी. रेघ नसल्यामुळे दोन ओळींमध्ये हवा आली. उकार जरा डावीकडे सरकवता आला, अनुस्वार रिकाम्या कोपऱ्यात टेकवता आला. फॉन्टमधला उकार खालच्या ओळीत काय आहे ते न बघता ठरल्या जागीच पडतो, हाताला ते दिसत असतं. रात्री दीड वाजता एकटीने टाळी वाजवली.

सगळंच बिनरेघेचं ठेवलं तर पान विस्कटलेलं दिसतं, हे सकाळी कळलं. मग ठरवलं की शिरोरेषा हाच आवाज. कुजबुज बिनरेघेची. नेहमीचं बोलणं प्रत्येक शब्दावर बारीक, सुटी रेघ देऊन. ओरडणं जाड, थोडी थरथरती रेघ. इंग्रजीत हेच काम ठळक तिरक्या अक्षरांकडे असतं, आणि तिरकी देवनागरी मला कधीच आवडली नाही. पेन मायक्रॉन, अक्षरांना बारीक टोकाचं ०१ आणि जाड रेघेला ०३.

लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं. इंग्रजी फुग्यात जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक शब्द ठळक असतो. मराठीत तो जोर ‘च’, ‘की’, ‘ना’ आधीच देतात. ‘तूच बोल’ वेगळं, ‘अरे, बोल की’ वेगळं. म्हणजे जाड रेघ मला वाटली त्याच्या पावपटच लागणार. मग ती खऱ्या आरडाओरड्यासाठी राखून ठेवते, आणि मळ्यातल्या पाट्या कट निबने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाने करते. पाट्या करायच्या नाहीत असं नोंद ४ मध्ये म्हटलं होतं, ते रद्द.

पाट्यांवरून तो जुना प्रश्न: ‘फॉल’ला, म्हणजे तिकडच्या पानगळीच्या ऋतूला, काय म्हणायचं? पंचांगाप्रमाणे शरद बरोबर, आश्विन-कार्तिक म्हणजे ऑक्टोबरच. पण शरद म्हटलं की मला धुतलेलं आकाश, चांदणं आणि आटीव दूध आठवतं, लाल-केशरी पानं नाहीत. ‘पानगळ’ म्हणावं तर आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनात साग उघडे पडतात तेव्हाची, कोरडी आणि उदास. नेब्रास्कातल्या ओमाहाकडची पानगळ म्हणजे सुगी, जत्रा आणि पहिला स्वेटर. म्हणून पाटीवर ‘सुगीची जत्रा’ लिहितेय, आणि दोघांच्या बोलण्यात नुसतं ‘या दिवसांत’. पानांचा रंग स्टर्नबाईंनी दिलेलाच आहे, शब्दाने तो पुन्हा द्यायला नको.

सकोटॅश या पदार्थाचं कोडं मात्र सुटलं. दोघं कामाला असतात ती टपरी त्याचीच. हा शब्द मुळात नॅरागॅन्सेट या मूलनिवासी भाषेतून इंग्रजीत आलेला. त्यात मका आणि लायमा बीन, म्हणजे आपल्या बाजारातली डबल बी. पाटीवर ‘सकोटॅश’ तसंच, खाली बारीक अक्षरात ‘मका-डबल बीची उसळ’. रविवारी करून खाल्ली, लोणी आणि मिरपूड घालून. छान लागते.

मुखपृष्ठावर पट्टी लावणार नाही. भोपळा म्हटलं की भाचीला लेकीकडे निघालेली म्हातारी आठवणार आणि ते मला हवंच आहे, पण नावाला शोभेल असा मराठी शब्द अजून सापडला नाही.

आज रात्री पहिली दहा पानं हाताने. बकरी सुटते ती पळापळीची पानं आधी घेतेय, कारण जाड रेघेची खरी परीक्षा तिथे आहे. क्रीम कागदावर ०१ ची शाई फुटत नाही ना, हे कुणी वर्षभर ठेवून पाहिलं असेल तर सांगा.