मिश्रीची डबी

आई फाल्गुनात गेली. अस्थी दादाने दहाव्याला इंद्रायणीत सोडल्या, रीतसर. पण सावडायच्या दिवशीच मी मूठभर राख तिच्या मिश्रीच्या पत्र्याच्या डबीत भरून घेतली होती. दादा अजून नीट बोलत नाही. "आई म्हणजे काय अंगारा आहे, चिमूट चिमूट टाकत जायला?" त्याचं फार चुकत नव्हतं. पण आईची जागा कुठली, असं मनाशी विचारलं तर अख्ख्या घरात मला एक सांगता येईना. ओटा, फार तर. तिच्या तोंडी जागा यायच्या त्या आळंदी-पंढरपूर रस्त्यावरच्या. एकवीस वाऱ्या केल्या तिने. 2020 ला पादुका एसटीने गेल्या, तेव्हाही ती कॅलेंडरवर रोजचा मुक्काम लिहीत बसायची. आज वाल्हे. आज लोणंद.

तर यंदा तिच्याच दिंडीत नाव घातलं, रथामागे. दिवेघाट चढलो, सासवड झालं, जेजुरीला भंडारा अंगावर पडला. घाटात एक फोटोवाला मुलगा म्हणाला, "आजी, जरा इकडे बघून हसा ना." मी बावन्न वर्षांची आहे.

तंबूत माझ्या शेजारी एक आक्का. पहाटे तीनला उठून टँकरच्या रांगेत नंबर लावायच्या आणि आल्यावर हात पुढे करायच्या, "मिश्री दे गं जरा." डबी त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. मी रोज काहीतरी सांगून टाळायची. चिक्कू आहे पोरगी, असं त्यांनी दिंडीभर करून ठेवलं.

नीरेच्या पुलावरून आई पहिल्या वर्षी मागे फिरणार होती. कठड्याला टेकून रडत होती म्हणे. विणेकऱ्यांनी काही न बोलता तिच्या हातात टाळ दिले. "दोन्ही हातांत टाळ. डोळे पुसायचे कशाने? मग गेले पुढं." पुलावर मला कुणी थांबू देईना. मागून रेटा होता. चालता चालताच चिमूट सोडली, ती वाऱ्याने अर्धी माझ्याच पदरावर आली.

चांदोबाच्या लिंबाला रिंगणात तिची चप्पल गेली होती. तिथून तरडगावपर्यंत एका पायात चप्पल घालून चालली, दुसरी फेकवेना. अश्व धावून गेला आणि मी खाली वाकले, टापेच्या खुणेत चिमूट टाकली. हात मागे घ्यायच्या आत एका बाईने तिथलीच माती उचलून कपाळाला लावली, कडेवरच्या नातवालाही लावली. मी गप्प राहिले. काय बोलणार होते?

फलटण आठवत नाही. पाय आठवतो. लेकीने हौसेने घेऊन दिलेले बूट, आणि डाव्या टाचेवरचा फोड बरडपर्यंत लिंबाएवढा झालेला. बरडहून नातेपुत्याला निघालो तर आभाळ कोरडं ठणठणीत, डांबर तापलेलं. 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' चालू होतं आणि मला त्या टाळांचा राग येत होता. पुढे चालणाऱ्यांचा, आईचा, सगळ्यांचाच. शेवटी एका वस्तीपाशी रस्त्याकडेला बसकण मारली.

"माऊली, हितं उनात का? आत या की."

माझ्याच वयाची बाई, शेणाने माखलेले हात.

"घरात नको," मी म्हटलं. "जवळ आईच्या अस्थी आहेत."

ती दचकली नाही. हात धुऊन आली, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि दारातल्या लिंबाच्या फांदीला अडकवली. "अस्थी झाडालाच टांगत्यात की. आता तुमी या."

सुई तिने चुलीवर धरली. दोरा ओवून फोडाच्या एका कडेने आत घातली, दुसऱ्या कडेने काढली. पाणी दोऱ्यावरून टपटप गळायला लागलं. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून बाकीचा दाताने तोडला. "दोरा काढू नगा. आपसूक वाळंल." मग तेलात कालवलेली हळद. माझी टाच तिच्या मांडीवर होती. चाळीस वर्षांत माझा पाय कुणी असा मांडीवर घेतला नव्हता.

चहा आला. तीन कप. तिसरा तिने लिंबाखाली नेऊन ठेवला.

"आईला साखर चालायची का?"

"शुगर होती."

"आता चालंल."

आम्ही दोघी हसलो. मग मी रडले, मग तिची म्हैस ओरडली म्हणून ती गेली.

टाच इतकी हलकी झाली की मी पळतच दिंडी गाठली. नातेपुत्याच्या तळावर राहुटीत शिरताना खांदा रिकामा लागला. आईला झाडाला टांगून मी विसरून आले होते!

समाजआरतीला गेले ती नुसती उभी राहिले. चोपदारांनी दंड उंचावला, तळ चिडीचूप झाला. एका दिंडीचे टाळ तेवढे थांबेनात. त्यांची काहीतरी तक्रार होती, ती ऐकून घेतली गेली. मग हरवलं-सापडलं. एक चष्मा. किल्ल्यांचा जुडगा. एक पिशवी, आत मिश्रीची डबी. आसपास खसखस पिकली. मी पुढे झाले तेव्हा आक्का मागून म्हणाल्या, "बघा, मिश्रीपायी जीव कसा टाकतीय!" वस्तीवरच्या त्या बाईने मागून येणाऱ्या कुठल्याशा दिंडीजवळ पिशवी दिली होती. पिशवीचं तोंड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तोच दोरा.

त्या रात्री आक्कांना खरं सांगितलं. त्या पाचेक मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि मी रोज मागत हुते."

वेळापूरच्या अलीकडे धाव्याला आम्ही दोघी हात धरून पळालो. गुडघे दुखणारी आईही इथे पळायची. भंडीशेगाव, वाखरी. पंढरपुरात दर्शनाची रांग बघूनच परत फिरले. आईनेही एकवीस वर्षांत बहुतेकदा नामदेव पायरी आणि कळसावरच भागवलं होतं.

चंद्रभागेत उरलेली राख सोडली. डबी विसळली, दोनदा. तळाशी तपकिरी डाग राहिला, तंबाखूचा वास गेला नाही. लुगड्याच्या ओच्याने पुसत होते तेवढ्यात आक्कांनी ती हातातून घेतली, कमरेची आपली डबी काढली आणि चिमूटभर मिश्री तिच्यात टाकून झाकण लावलं.

"रिकामी डबी घरी नेऊ नये."