वार बसल्याचे शरीराला कळले पाहिजे

फँटसी रोल-प्लेइंग गेममधील लढाई मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिच्यातील एक उणीव मला फार खटकते. 2011 साली आलेला 'स्कायरिम' घ्या. जुन्या थडग्यांच्या भुयारात ड्रॉगर, म्हणजे जिवंत झालेले प्रेत, अंगावर चालून येतो, आपण तलवार फिरवतो, पाते त्याच्या छातीतून आरपार निघून जाते, त्याचा उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी थोडी आखडते आणि तो काही झालेच नसल्यासारखा पुढचा वार करतो, किंवा फार तर ठरलेली झोकांडी खातो. घाव खांद्यावर बसला की मांडीवर, याची दखल त्याचे शरीर घेत नाही. पट्टी संपली की मात्र 'हॅवॉक' हे फिजिक्स इंजिन (वजन, धक्के आणि पडणे यांचे गणित करणारे सॉफ्टवेअर) त्या देहाचा ताबा घेते, आणि मग तोच देह पायऱ्यांवरून गडगडतो, खांबाला अडकतो, उतारावर घसरतो. जिवंतपणी हे भाग्य त्याला शत्रूला दूर फेकणारी 'अनरिलेंटिंग फोर्स'ची गर्जना किंवा पक्षाघाताचा मंत्र अशा मोजक्या प्रसंगीच लाभते. शरीराला वजन यावे म्हणून आधी मरावे लागते, हे लढाईवर उभ्या असलेल्या गेमला शोभत नाही.

अर्थात ही रचना आळसातून आलेली नाही. बटण दाबताच वार सुटला पाहिजे, अशी खेळणाऱ्याची रास्त अपेक्षा असते, आणि मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावरून, टिपलेली किंवा अ‍ॅनिमेटरने घडवलेली तयार हालचाल ती अपेक्षा चोख पूर्ण करते. अडचण येते ती दोन शरीरे एकमेकांना भिडतात तेव्हा, कारण प्रत्येक कोनातून, प्रत्येक वेगाने बसणाऱ्या घावासाठी वेगळी हालचाल आधीच तयार करून ठेवणे कोणालाही शक्य नाही.

यावरचा उपाय म्हणजे जिवंत रॅगडॉल. चिंधीच्या बाहुलीसारखा फिजिक्सच्या हवाली केलेला देह म्हणजे रॅगडॉल; इथे तो मेलेला नसतो. पात्राचे शरीर वजन असलेल्या तुकड्यांचे असते आणि प्रत्येक सांध्यात एक कल्पित मोटर बसवलेली असते. अ‍ॅनिमेशन सांगेल त्या कोनाकडे ती सांध्याला खेचत राहते, जितके अंतर जास्त तितका टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, अधिक, आणि सांधा थरथरू नये म्हणून त्याच्या वेगानुसार थोडा विरोधही करते. या मोटरच्या ताकदीला मर्यादा असते, आणि सारी गंमत त्या मर्यादेतच आहे. गदेचा फटका ढालीवर बसतो, ढाल मागे रेटली जाते, कोपर दुमडून बरगडीला टेकते, डावा खांदा मागे वळतो, त्याच्यामागून कंबर पिळवटते आणि सगळा भार मागच्या पायावर येतो. तो पाय सपाट फरशीवर असेल तर माणूस सावरतो; पायरीच्या कडेवर असेल तर जातो. यातले काहीही कोणी आधी रेखाटून ठेवलेले नसते.

हे तंत्र नवे नाही. ऑक्सफर्डच्या नॅचरलमोशन कंपनीचे 'युफोरिया' हे सॉफ्टवेअर 2008 सालीच 'ग्रँड थेफ्ट ऑटो 4'मध्ये होते, आणि धक्का लागलेली माणसे त्यात तोल सावरण्यासाठी खरोखर पाऊल टाकत. त्यानंतरची मोठी झेप 2018 सालच्या 'डीपमिमिक' या संशोधनाची. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी त्यात पात्राला टिपलेल्या हालचालीचा नमुना दाखवला आणि रिइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे चुकतमाकत बक्षिसाच्या गुणांवरून शिकण्याच्या पद्धतीने, ती हालचाल स्वतःचा तोल सांभाळत करायला शिकवले. 2022 सालच्या 'एएसई' या कामातील पात्राच्या हाती तर तलवार आणि ढालच आहे. संगणकातील काळाने मोजल्यास दशकाहून अधिक सराव केलेले ते पात्र ढकलून पाडले तरी स्वतःहून उठून उभे राहते.

मला मात्र या तंत्राचा खरा उपयोग आणखी एका ठिकाणी दिसतो, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राची ताकद, कौशल्य, दमसास हे सगळे आकडे असतात, पण ते पडद्यावर दिसत नाहीत. वरच्या लेव्हलचा दरोडेखोर खालच्या लेव्हलच्या दरोडेखोरासारखाच हलतो, फक्त त्याची पट्टी सावकाश उतरते. हेच आकडे मोटरना जोडून पाहा. ताकद म्हणजे सांध्यातील टॉर्कची मर्यादा, कौशल्य म्हणजे तोल गेल्यावर सावरण्याची चपळाई, चिलखत म्हणजे अंगावर वाढलेले वस्तुमान, आणि दमणे म्हणजे त्याच मोटरचे हळूहळू ढिले पडणे. आखाड्यात मुरलेल्या पहिलवानाला आणि नवख्या पोराला सारखाच धक्का दिला, तर कोण कसलेला आहे हे पायांवरूनच कळते. गेममधील शत्रूही तसाच ओळखता आला पाहिजे. दमलेल्या शत्रूची ढाल खाली येऊ लागली आहे हे पाहून वार करण्यातला आनंद पट्टीकडे पाहून वार करण्यात नाही.

या दिशेने काही गेम गेले आहेत. 'माउंट अँड ब्लेड'मध्ये वाराचे नुकसान वेगावर अवलंबून असते, त्यामुळे दौडत्या घोड्यावरून केलेला घाव जबर बसतो. 'एक्झानिमा' तर संपूर्ण फिजिक्सवर चालतो. पण त्यातील पात्रे पुष्कळदा झिंगल्यासारखी हलतात आणि ती हाताळायला शिकण्यात बराच वेळ जातो. एवढी किंमत प्रत्येक खेळाडू मोजणार नाही. युबिसॉफ्टच्या संशोधकांचे 2019 सालचे 'ड्रीकॉन' मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते: खेळाडूच्या आज्ञेनुसार अ‍ॅनिमेशन आधी निवडले जाते आणि फिजिक्सचे शरीर त्याचा पाठलाग करते, म्हणजे आज्ञाही पाळली जाते आणि धक्काही जाणवतो.

सगळे एकदम करण्याची गरज नाही. मी सुरुवात शत्रूच्या ढालीपासून करीन, कारण लढाईत दोन शरीरांची सर्वांत जोरदार भेट तिथे होते. खेळाडूचे पाय आणि शस्त्राचा हात अ‍ॅनिमेशनच्या ताब्यात घट्ट ठेवावेत, समोरच्या दोन-तीन शत्रूंनाच जिवंत रॅगडॉल द्यावे आणि लांबच्यांना जुन्या तयार हालचालींवर चालू द्यावे. प्रोसेसरवरचा भार एवढ्यानेच आवाक्यात येतो. त्यानंतर पाळी ड्रॅगनची. त्याचे मोशन कॅप्चर करता येत नाही, आणि पंखावर बसलेल्या घावाने हवेतल्या एवढ्या मोठ्या देहाचा तोल कसा जाईल, हे कल्पनेने रेखाटण्यापेक्षा वजन आणि सांध्यांवरून काढणेच अधिक विश्वासार्ह आहे.